दोन माईकचा मिक्सर

मास्तर मंडपात शिरले की नवरदेवाकडे, व्याह्यांकडे किंवा जेवणाच्या पंगतीकडे न बघता आधी अर्थिंग शोधायचे. मंडपाच्या मागे, जनरेटरच्या आसपास, लोखंडाचा एक गज जमिनीत ठोकलेला असतो. तो सापडला की मास्तर पिशवीतून पाण्याची बाटली काढायचे, दोन घोट स्वतः घ्यायचे आणि उरलेलं सगळं पाणी त्या गजाच्या बुडाशी ओतायचे. एप्रिल महिन्यात आमच्या जिल्ह्यात हे दृश्य कुणाला बघवत नाही. एकदा आष्टीकडच्या एका लग्नात नवरीच्या आजोबांनी त्यांचा हातच धरला. "आवं, माणसाला प्यायला न्हाई अन तुमी गजाला पाजताय?" मास्तर शांतपणे म्हणाले, "पाटील, जमीन कोरडी ऱ्हायली की भोंग्यात घरघर येती. मग तुमीच म्हणणार, पार्टी बेकार हाय." आजोबांनी हात सोडला, आणि थोड्या वेळाने स्वतःच एक तांब्या भरून आणला.

मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत. चौथीनंतर ते शाळेच्या बाजूला फिरकलेही नव्हते. पण बँजो वाजवणाऱ्याला मास्तर म्हणायची आमच्याकडे रीत आहे, आणि घाटनांदूरपासून कड्यापर्यंत नुसतं 'मास्तर' म्हटलं तरी लोकांना तेच आठवायचे. हा बँजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्याने तारा छेडायच्या. त्याच्या पोटात मास्तरांनी स्वतः पिकअप बसवला होता, म्हणजे वायर जोडली की त्याचा आवाज थेट भोंग्यात. आमची पार्टी चार जणांची. बँजोवर मास्तर, ऑक्टापॅडवर म्हणजे विजेच्या ढोलकीवर बाळू, गायला बाळूची बायको सुनंदा, आणि कीबोर्डवर मी. निवेदनही मीच करायचो, कारण चौघांत सगळ्यात जास्त बडबड माझी. हळद, बारसं, जत्रा, पुढाऱ्याचा वाढदिवस, जे मिळेल ते. आमच्याकडे जे काही होतं ते सगळं विजेवर चालणारं आणि एका जुन्या व्हॅनच्या मागच्या बाजूला मावणारं होतं. आता मंडपाबाहेर डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि आमच्यासारख्यांना बोलावतात ते घरातल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या हट्टापायी. त्याबद्दल मी पूर्वी तावातावाने बोलायचो. आता कंटाळा येतो.

आमच्या या यंत्रांचे आवाज एकत्र व्हायचे ते मिक्सरमध्ये. कीबोर्डची वायर त्यात, ऑक्टापॅडची त्यात, बँजोची त्यात, मोबाइलमधल्या तालाची त्यात, माईकच्या वायरी त्यात. आणि त्यातून एकच वायर बाहेर निघून मंडपवाल्याच्या भोंग्यांना जायची. मास्तरांचं सगळं शहाणपण या एका वायरीत होतं. कड्याला एका मंडपवाल्याने हट्ट धरला की तुमच्या सगळ्या वायरी वेगवेगळ्या माझ्याकडे द्या, मी बरोबर करतो. मास्तर म्हणाले, "न्हाई. आपल्या घरातलं भांडण आपल्या घरात मिटवायचं. भायेर एकच वायर द्यायची." मंडपवाला चिडला. "कावून? माझ्यावर भरोसा न्हाई का?" "तुमच्यावर हाय. आमच्या बाळ्यावर न्हाई. त्याचा ठोका तुमच्या हातात गेला तर माझा बँजो कुणाला ऐकू यील?" मंडपवाला हसला आणि त्याने एकच वायर घेतली. बाळू मात्र कार्यक्रम संपेपर्यंत फुगून बसला होता.

बाळू फुगला तरी मास्तर त्याला कधी रागावले नाहीत. त्यांची रागावण्याची पद्धतच वेगळी होती. बाळूने रंगात येऊन ऑक्टापॅडचा आवाज वाढवला की मास्तर मिक्सरवर हात नेऊन स्वतःच्या बँजोचं बटण थोडं खाली करायचे. बाळूने आणखी वाढवला की ते आणखी खाली. शेवटी बँजो ऐकूच येईनासा व्हायचा, सुनंदा बाळूकडे डोळे वटारून बघायची आणि बाळू ओशाळून मुकाट्याने आपला आवाज कमी करायचा. "वाढवायला अक्कल लागत न्हाई," मास्तर म्हणायचे. "कमी करायला लागती." मी त्यांना चिडवायचो की मास्तर, असंच करत राहिलात तर एक दिवस तुम्ही अगदीच ऐकू येणार नाही. हे मी बोललो होतो, हे आता आठवलं की जिभेला चटका बसतो.

मास्तर गायचेही. कार्यक्रमाची पहिली गवळण त्यांची, आणि जोडगाण्यांत पुरुषाचा आवाज त्यांचा. गाणं कुणाकडे शिकलेले नव्हते, पण शब्द असे टाकायचे की मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या बाईलाही वाटावं, हा माणूस माझ्याशीच बोलतोय. त्यांचा माईक त्यांचा स्वतःचा होता, आमच्या ओळखीच्याही आधीचा. जाळी एका बाजूने चेपलेली. तो ते एका खणाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचे आणि कार्यक्रमाआधी रुमालाने असा पुसायचे की सुनंदा म्हणायची, "मास्तर, काकूंचं तोंड कधी इतक्या मायेनं पुसलं का?" मास्तर म्हणायचे, "तिचं तोंड बंद हुत न्हाई. ह्याचं हुतं." काकू घरी होत्या, म्हणून हे बोलायची हिंमत होती. काकूंसमोर मास्तर माईक बंद असल्यासारखेच वागायचे.

आमचा जुना मिक्सर लोखंडी होता, बारा चॅनलचा, म्हणजे बारा वायरी घेणारा. तो व्हॅनमधून उतरवायला दोन माणसं लागायची. धुळीने त्याची बटणं करकरायला लागली होती, आणि दोन-तीन चॅनल तर त्यांच्या मनात असेल तेव्हाच चालायचे. मास्तर दर रविवारी तो उघडून ब्रशने साफ करायचे. शेवटी केजजवळच्या एका हळदीत, ऐन नाचाच्या गाण्यात, त्यातून जळका वास आला आणि सगळंच गप्प झालं. मास्तरांनी वायरी काढल्या, बँजो नुसता, भोंग्याशिवाय वाजवत राहिले, आणि बाळूने ऑक्टापॅड सोडून एका पातेल्यावर ठेका धरला. बायका तरीही नाचल्या. परतताना घाट उतरल्यावर मास्तर गाडीत म्हणाले, "चांगला म्हातारा झालता. आता ल्हान बगा एखादा."

मग 'लहान कोणता' यावर आमच्यात पंधरा दिवस चर्चा चालली. लग्न जुळवतानाही एवढी चौकशी होत नसेल. बाळूला एको हवा होता, म्हणजे आवाज घुमला पाहिजे. एको नसेल तर लोकांना वाटतं की पार्टी गरीब आहे, असं त्याचं म्हणणं. सुनंदाला तो एका हातात उचलता आला पाहिजे होता. मला तो कीबोर्डच्या स्टँडखाली बसायला हवा होता आणि वीज गेली तर पॉवर बँकवर चालायला हवा होता, कारण आमच्याकडे मंडपात नवरीच्या आधी वीज निघून जाते. मास्तरांची अट एकच होती. "घरघर नको. बाकी काय बी चालंल." घ्यायला जाणार मी, कारण इंग्रजी वाचायला येतं ते मला, आणि मोबाइलवर मिक्सरचे व्हिडिओ बघून मी स्वतःला इंजिनीअर समजायला लागलो होतो.

आता जे सांगायचं आहे ते मी बाळूला अजून सांगितलेलं नाही.

मिक्सर घ्यायला जायच्या आठ-दहा दिवस आधी गेवराईच्या बाजूला एक लग्न होतं, ते आम्ही भाड्याच्या मिक्सरवर केलं. घर मोठं, पुढाऱ्याचं. त्या दिवशी मास्तरांचा आवाज वरच्या सुरावर दोनदा फाटला. तसा तो वर्षभर अधूनमधून फाटायचा. आम्ही ऐकायचो आणि कुणीच काही बोलायचो नाही. कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा पुढाऱ्याचा भाऊ माझ्याजवळ आला. माणूस वाईट नव्हता, हसत हसतच बोलला. "लई झकास वाजवलं. पुढच्या महिन्यात आमच्या पुतण्याची हळद हाय, तुमालाच बोलावणार. पन एक काम करा. त्या म्हाताऱ्याला वाजवू द्या, गाऊ देऊ नका." मी मान हलवली. मान हलवायला मला एक क्षणही लागला नाही. मास्तर दहा पावलांवर बँजो पेटीत ठेवत होते. त्यांनी ऐकलं की नाही, ते मला कळलं नाही.

मास्तरांना हे सांगायचं कसं? मी रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो. सकाळी फोन हातात घ्यायचो आणि हवापाण्यावर बोलून ठेवायचो. ज्या माणसाने मला कीबोर्डवर सूर कसा धरायचा ते शिकवलं, त्याला तुमचा गळा गेला म्हणून सांगायला तोंड कुठून आणायचं? त्यात आणखी एक गोष्ट होती आणि ती लपवून काही उपयोग नाही. मलाही गायचं होतं. व्हॅनमध्ये, आंघोळीला, शेताच्या बांधावर मी जोडगाण्यांतली पुरुषाची बाजू गुणगुणत असायचो. गावाकडच्या भाषेत, माझ्या गळ्याला खाज होती.

अंबाजोगाईच्या दुकानात माझ्यासमोर दोन मिक्सर आले. दोन्ही हातभर लांबीचे, दोन्ही हलके, किंमतही जवळपास सारखी. एकात तीन माईकची सोय होती, पण एको नव्हता आणि तो पॉवर बँकवर चालत नव्हता. दुसऱ्यात एको होता, पॉवर बँकवर चालत होता, मोबाइल तर वायरीशिवाय जोडता येत होता. डब्यावर आठ चॅनल असं ठळक लिहिलेलं. पण हे आठ म्हणजे फसवे आठ. माईक लागतो तो पहिल्या दोनच चॅनलना. बाकीचे सहा जोडीजोडीने कीबोर्डसारख्या वाद्यांसाठी असतात. त्यांत माईक खुपसला तरी आवाज मुंगीएवढा येतो. हे मला पक्कं माहीत होतं. दुकानदाराने विचारलं, "माईक किती लावणार?" मी मिक्सरकडे बघत राहिलो. त्याने परत विचारलं. मी म्हणालो, "दोन."

एक शब्द. एक सुनंदाचा आणि एक निवेदनाचा, म्हणजे माझा. डोक्यात सगळी उत्तरं तयार होती. बाळूला एको हवाच होता. पॉवर बँक लागतेच. कुणी विचारलं तर म्हणायचं, डब्यावर आठ लिहिलं होतं, मला वाटलं आठही ठिकाणी माईक लागतो. आमच्यासारख्यांकडून अशी चूक होते, कुणाला संशय येणार नाही. परत येताना गाडीत तो डबा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला बरं वाटत होतं. मास्तरांना काही सांगावं लागणार नव्हतं. मिक्सर आपोआप सांगणार होता.

पहिला कार्यक्रम पुतण्याच्या त्याच हळदीचा होता. मास्तरांनी गजाला पाणी पाजलं, येऊन नवा मिक्सर हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला. "ल्हान हाय, पन गोड हाय," म्हणाले. मग वायरी जोडायला लागले. कीबोर्ड, ऑक्टापॅड, बँजो. सुनंदाचा माईक पहिल्यात. माझा दुसऱ्यात. मग त्यांनी खणाचा तुकडा सोडून आपला माईक काढला, वायर जोडली आणि दुसरं टोक हातात धरून मिक्सरवर बोट फिरवत राहिले. बाळू मला म्हणाला, "दादा, तिसरा माईक कुठं?" मी ठरवलेलं वाक्य बोललो. डब्यावर आठ लिहिलं होतं, असं. बाळूने मला एक शिवी हासडली, जी मला त्या वेळी आशीर्वादासारखी वाटली. त्याने पिना बदलून मास्तरांचा माईक एका वाद्याच्या चॅनलमध्ये घुसवला. मास्तर त्यात 'हॅलो' म्हणाले. ते फक्त त्यांना आणि मला ऐकू आलं.

"मास्तर, माझ्या माईकवर गा," सुनंदा म्हणाली. "मी सरकते." माझा माईक काढून त्यांचा तिथे लावायचं मात्र मी सुचवलं नाही.

"बँजो सोडून उठाया येत न्हाई मला," मास्तर म्हणाले. त्यांनी माईकची वायर काढली, गुंडाळली, माईक पुन्हा खणात बांधला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू म्हण की जोडगाणी. तुला येतात समदी." आणि मी म्हटली.

त्या दिवसापासून मास्तर गायले नाहीत. मी गायलो. टाळ्या पडल्या, बोलावणी आली, लोक मला ओळखायला लागले. मास्तर बँजो पूर्वीपेक्षाही चांगला वाजवायचे, आणि मला गाणं शिकवायचे. हे मला सगळ्यात जड गेलं. परतीच्या वाटेवर ते मागून सांगायचे, "कडवं सुरू व्हायच्या आधी श्वास घे, मधी घेऊ नको. आन बायकोशी भांडल्यावानी म्हणू नको ते गाणं, ते मनवायचं गाणं हाय." मी "हो मास्तर" म्हणायचो. त्यांनी कधी एकदाही विचारलं नाही की हा मिक्सर बदलून तिसऱ्या माईकचा आणता येईल का. बाळूने दोनदा विषय काढला. मीच तो टाळला, एकदा पैशांचं निमित्त करून आणि एकदा एकोचं.

दोन वर्षं अशी गेली. मग मास्तरांची कंबर व्हॅनमध्ये टिकेना. खड्ड्याखड्ड्याला त्यांच्या तोंडून कण्हणं निघायचं, आणि आमच्याकडचे रस्ते म्हणजे मधे मधे थोडा रस्ता असलेला खड्डा. एका जत्रेनंतर ते म्हणाले, "बास झालं आता." आम्ही फार आग्रह केला नाही. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. बँजोची बाजू मी कीबोर्डवरच वाजवायला लागलो. ऐकणाऱ्यांना फरक कळत नाही. मला दर वेळी कळतो.

मास्तर जाऊन आता वर्ष होईल. त्याच्या तीन-चार महिने आधी मी घाटनांदूरला त्यांच्याकडे गेलो होतो. निमित्त मिक्सरचं होतं. पहिल्या चॅनलमध्ये खरखर यायला लागली होती, आणि अशा दुखण्याला मास्तरांसारखा डॉक्टर नव्हता. दुपारची वेळ. काकूंनी ओसरीवर सतरंजी टाकली. मी मिक्सर, कीबोर्ड आणि एक छोटा स्पीकर आणला होता. मास्तरांनी मिक्सर उलटा केला, स्क्रू काढले, ब्रश फिरवला, फुंकर मारली. त्या वयातही स्क्रू एकही पडला नाही. खरखर गेली. काकू चहा ठेवून आत गेल्या.

मी कप उचलला आणि परत ठेवला. म्हणालो, "मास्तर, ती चूक नव्हती."

"कोणची?"

"मिक्सरची. दोनच माईक लागतात ते मला म्हाईत व्हतं. दुकानात तीनवाला बी व्हता."

मास्तर बशीत चहा ओतत होते. ओतून झाला. "हां," म्हणाले. "मला बी म्हाईत व्हतं."

मला वाटलं, त्यांनी त्या दिवशी मिक्सर बघून ओळखलं असणार. पण तसं नव्हतं. "तुज्या आदल्या दिशी मी गेलतो की दुकानात," मास्तर म्हणाले. "डोळ्याच्या औषधाला अंबाजोगाईला गेलतो. म्हणलं जाता जाता बगावं. त्यानं दोन्ही दाखवले. मी त्याला म्हणलं, उद्या आमचा माणूस यील. त्याला बी दोन्ही दाखव. माईक किती, एवढं इचार. अन तो सांगंल तो दे. मी आलतो ते बोलू नको."

"मग तुमीच तीनवाला सांगून का न्हाई ठिवला?"

मास्तरांनी बशी तोंडाला लावली, रिकामी केली, खाली ठेवली. "गळा फाटतो ते मला बी कळत व्हतं रं. पन किती, ते कळत न्हाई आपलं आपल्याला. तुमाला इचारलं असतं तर तुमी खोटं बोलले असते, मला वाईट वाटू नये म्हणून. कुणीतरी खरं सांगाया पायजे व्हतं. म्हणलं, हा कोणचा मिक्सर आणतो ते बगू." आणि ते हसले. रागाने नाही, उपहासाने नाही, खरोखर हसले. "तू दोनवाला आणला. मला उत्तर मिळालं."

माफी मागितली तर ती फार स्वस्त झाली असती. तरी मागितली. रडू आलं, ते काकूंना दिसू नये म्हणून कीबोर्डच्या वायरीशी खेळत राहिलो. मास्तरांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मग आत जाऊन खणात बांधलेला माईक घेऊन आले. त्याची वायर मिक्सरच्या पहिल्या चॅनलमध्ये जोडली. तिथे जागा होती. सुनंदा नव्हती ना.

"सूर दे," म्हणाले. "काळी एक दे."

मास्तर जन्मभर काळी दोनमध्ये गायले. काळी एक म्हणजे त्याहून दोन सूर खालची पट्टी. मी सूर दिला. मास्तरांनी डोळे मिटले आणि आमच्या कार्यक्रमांची पहिली गवळण सुरू केली. गळा जरा थकलेला होता, श्वास कमी पडत होता, पण शब्द तसेच पडत होते. आतून काकू उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. मी वरच्या सुराची वाट बघत होतो, ज्या जागी तो गेवराईला दोनदा फाटला होता. ती जागा आली. मास्तर तिथे गेले, सूर धरला, थोडा वेळ तिथेच थांबले आणि सहज उतरून खाली आले. कुठेही फाटला नाही.

गवळण संपल्यावर मास्तरांनी माईक बंद केला. त्यांना धाप लागली होती. काकू पाणी आणायला आत गेल्या.

"दोन सूर खाली," मास्तर म्हणाले. "तेवढंच व्हतं. मागाया लाज वाटली रं. वाटायचं, ह्यांच्याच ध्यानात यील. कुणीतरी आपून व्हऊन पट्टी उतरवंल."

पट्टी उतरवायची ती कीबोर्डवर, आणि कीबोर्ड माझ्यापुढे होता. त्याच्यावर त्यासाठी एक बटण असतं. ते दोनदा दाबायचं, बस्स. सुनंदाच्या गळ्यासाठी मी ते दर कार्यक्रमात, दर दुसऱ्या गाण्याला, न विचारता दाबत होतो.